दोनशे वॅटचा संसार

येरमाळ्यात दोन रस्ते एकमेकांना छेदतात. एक बार्शीहून कळंबकडे जातो, दुसरा सोलापूरहून बीडकडे. पहिल्यावर एसटी, उसाच्या ट्रॉल्या आणि बाजारची माणसं. दुसऱ्याची गोष्ट जरा मोठी आहे. त्याला पूर्वी २११ म्हणत, आता तो राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे. त्यावर दक्षिणेकडे निघालं की तुळजापूर, सोलापूर, विजयपूर, हुबळी करत तो उत्तर कन्नड जिल्ह्यात अंकोल्याला, समुद्राच्या वाऱ्यात नेऊन सोडतो. उत्तरेकडे निघालं की बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार आणि शेवटी पंजाबातलं संगरूर. एकाच क्रमांकाचा २,३०० किलोमीटरहून लांब रस्ता, आणि तो कळंब तालुक्यातल्या या गावातून जातो.

महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते येडेश्वरीमुळे. चैत्री पौर्णिमेची यात्रा, देवीची पालखी, चुन्याचे खडे वेचायला लोटणारी माणसं. पण एरवीही सुट्टीच्या सकाळी हमरस्त्यालगतच्या हॉटेलांपुढं थोडं रेंगाळलं तर दुसरीच एक मंडळी भेटते. लांबच्या पल्ल्याला निघालेले मोटारसायकलवाले. त्यांच्या गाड्या उभ्या असताना निवांत पाहून घ्याव्यात. हँडलवर मोबाइलचा होल्डर, त्याशेजारी रबरी झाकणाचं यूएसबी सॉकेट. क्रॅशगार्डवर दोन फॉग लाइट. टायरच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसवलेले हवेच्या दाबाचे सेन्सर. हेल्मेटच्या डाव्या गालावर इंटरकॉमची डबी. मागे टॉप बॉक्स, दोन्ही अंगांना सॅडल बॅगा, एखाद्याच्या पुढंमागं कॅमेरेही. चहा पिऊन ही मंडळी किक न मारता, नुसतं बटण दाबून निघून जातात, आणि बघणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न राहतो: हे सगळं चालतं कशावर?

इंजिनाचं एका बाजूचं गोल झाकण, बहुतेक गाड्यांत डावीकडचं, उघडलं की उत्तर दिसतं. गॅरेजात त्याला मॅग्नेट कॉइल म्हणतात, कंपनीच्या पुस्तकात स्टेटर. लोखंडी पत्र्यांचं एक कडं, त्याला बाहेरच्या बाजूनं बारा किंवा अठरा दाते, आणि प्रत्येक दात्यावर तांब्याची तार घट्ट, एकावर एक, वेढे मोजून गुंडाळलेली. वर व्हार्निशचा मधाच्या रंगाचा थर. जुन्या गाडीत तो तेलात शिजून काळपट झालेला असतो, आणि कॉइल जळाली असेल तर एखाददुसरा दाता कोळशासारखा दिसतो. सगळी वस्तू तळहातावर मावते. तिच्याभोवती क्रँकला जोडलेली एक जड वाटी फिरते, वाटीच्या आतल्या कडेला चुंबकं बसवलेली. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर ही चुंबकं सेकंदाला त्र्याऐंशी वेळा तांब्याभोवती फिरतात. चुंबक हललं की शेजारच्या तारेत वीज जागी होते, हे मायकेल फॅरडेनं लंडनमध्ये १८३१ साली दाखवलं. बालाघाटाच्या पठारावर अलीकडे ज्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्यांच्या माथ्यावरच्या पेटीतही हाच खेळ चालतो. तिथं वारा फिरवतो, इथं पेट्रोल.

पेट्रोल किती फिरवतं, तेही पाहण्यासारखं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये घरच्या मीटरच्या भाषेत जवळपास नऊ युनिट ऊर्जा असते. त्यातली जेमतेम पाव ते एकतृतीयांश कामी येते, बाकी सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या पात्यांमधून हवेत. कामी आलेल्यातलाही बहुतेक भाग चाकाला. स्टेटरच्या वाट्याला चिमूटभर. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला ज्या मधल्या आकाराच्या गाड्या वापरतात त्यांत स्टेटरची ताकद साधारण २०० ते २५० वॅट. घरातला मिक्सर याहून जास्त खातो. या दोनशे वॅटमध्ये गाडीनं स्वतःचं भागवायचं आणि वर तुमची हौसही पुरवायची. अख्खा संसार एवढ्यावर चालवायचा आहे, हे एकदा लक्षात आलं की गाडीवर काय लावावं आणि काय लावू नये याची निम्मी भांडणं मिटतात.

आता एक गंमत. घरात दिवा बंद केला की वीज वाचते. मोटारसायकलवर बहुधा वाचत नाही! चुंबकं कायमची आहेत, ती फिरायची थांबत नाहीत. इंजिन जोरात फिरलं की वीज हवी त्याहून जास्त तयार होते, आणि ती तशीच बॅटरीत गेली तर बॅटरी उकळेल. म्हणून मध्ये एक रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवलेला असतो, बाहेरून पात्यापात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा. तो स्टेटरच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेला लावतो आणि दाब साडेचौदा व्होल्टच्या आसपास गेला की जास्तीची वीज परत स्टेटरमध्येच आखूड वाटेनं फिरवून टाकतो. बऱ्याच गाड्यांत अजून हीच पद्धत आहे. म्हणजे वापरली नाही तर ती वीज तारा आणि ठोकळा तापवण्यात जाते. प्रवासानंतर त्या ठोकळ्याला बोट लावून पाहू नका, चटका बसेल. तेव्हा फॉग लाइट लावल्यानं ॲव्हरेज पडलं, अशी तक्रार करणाऱ्यानं आधी टायरची हवा तपासावी.

मात्र वीज फुकट आहे याचा अर्थ ती हवी तेवढी आहे असा नाही. इंजेक्शनच्या गाडीचा पेट्रोल पंप, स्पार्कची कॉइल, कॉम्प्युटर, मीटर, हेडलाइट, टेललाइट, एबीएस मिळून शंभर-सव्वाशे वॅट गाडीच खाते. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की आणखी. उरले सत्तर-ऐंशी, फार तर शंभर. यात एलईडी फॉगची चाळीस वॅटची जोडी आणि मोबाइलचा अठरा वॅटचा चार्जर सुखानं बसतो. पण कुणी जुन्या सवयीनं पंचावन्न-पंचावन्न वॅटचे दोन हॅलोजन लावले की खातं तिथंच उणे. आणि हा हिशोब पळत्या गाडीचा आहे. यात्रेच्या गर्दीत, पहिल्या गिअरवर, पाय टेकत टेकत जाताना इंजिन मंद फिरतं, स्टेटर निम्माही देत नाही, आणि नेमका तेव्हाच पंखा घरघरत असतो. कमी पडलेली वीज बॅटरीतून येते. बॅटरी संपत चालली हे कुणाला कळत नाही, कारण दिवे लागलेले असतात. कळतं ते गाडी बंद करून पुन्हा चालू करताना, सेल्फची नुसती टकटक ऐकू आली की.

म्हणून माझं मत विचाराल तर लांबच्या गाडीवरचं सगळ्यात कामाचं इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हणजे व्होल्टमीटर. दोन-तीनशे रुपयांचा, लाल आकड्यांचा. बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकाचे दोनहून थोडे जास्त व्होल्ट. गाडी बंद असताना १२.६ दिसले तर बॅटरी भरलेली, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. पळत्या गाडीवर आकडा १३ च्या खाली घसरला की काहीतरी बंद करा. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर कामातून गेला, पुढच्या गावात थांबा. जपानी गाडी असो की चाकणची, हा आकडा सगळ्यांना लागू. आणि रात्री लॉजवर गाडी लावताना कॅमेऱ्याची तार काढायला विसरू नका. उभ्या गाडीवर नजर ठेवणारा कॅमेरा पाव-अर्धा अँपिअर खातो. आठ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा एका रात्रीत निम्मा जीव जातो.

चाकणचं नाव आलंच आहे तर तिथली एक गोष्ट. गाडी विकत घ्यायची एका दुकानातून आणि प्रवासाचं सामान जमवायचं दहा ठिकाणांहून, ही आपल्याकडची जुनी रीत. बजाजनं डिसेंबर २०१६ मध्ये डॉमिनार ४०० आणली तेव्हाही ती साधीच होती. लोक ती घेऊन लडाखला, ईशान्येला जाऊ लागले आणि वाटेत गॅरेजागॅरेजात तिच्यावर काचा, कॅरिअर, चार्जर चढवू लागले. २०२१ मध्ये कंपनीनं शहाणपणा केला. उंच विंडशील्ड, हातांना वारा अडवणारे गार्ड, इंजिनाखाली पत्रा, लेग गार्ड, पाठ टेकायला आधारासह कॅरिअर, मोबाइल बसवायची जागा आणि यूएसबी सॉकेट हे सगळं कारखान्यातूनच लावून दिलं. यातलं सॉकेट मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण ते कारखान्याच्या वायरिंगमध्ये, कारखान्याच्या फ्यूजमागे बसलेलं आहे. गाड्यांना रस्त्यात ज्या आगी लागतात त्यांतल्या पुष्कळ चुकीच्या जोडणीतून सुरू होतात.

जोडणी म्हणजे काय, ते रिले बसवताना पाहावं. रिले म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी काळी चौकोनी डबी, खाली पितळी पाती. प्रत्येक पात्याशेजारी बारीक अक्षरात आकडा उमटवलेला असतो: ३०, ८५, ८६, ८७. हे जर्मन मानकातले आकडे. ३० म्हणजे थेट बॅटरी, ८५ आणि ८६ मध्ये एक छोटं विद्युतचुंबक, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी वाट. हँडलवरचं नाजूक बटण दाबलं की चुंबकाला जेमतेम पाव अँपिअरच्या आतबाहेर वीज मिळते, ते आतली पट्टी ओढतं, टिक असा आवाज येतो, आणि बॅटरीतून जाड तारेनं आठ-दहा अँपिअर थेट दिव्याकडे धावतात. बटणाला त्याचा पत्ताही नसतो. ही युक्ती टेलिग्राफच्या जमान्यातली आहे, आणि सातासमुद्रापलीकडचे ते चार आकडे धाराशिव जिल्ह्यातला वायरमन न बघता बोटानं ओळखतो.

तार मात्र पाहून घ्यावी. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार तीन मीटर फिरवली आणि तिच्यातून नऊ अँपिअर सोडले तर वाटेतच जवळपास एक व्होल्ट गळतो. चौदातला एक व्होल्ट, त्यात काय एवढं? पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या तिसऱ्या घाताहूनही वेगानं पडतो. एक व्होल्ट गेला की पाचवा हिस्सा उजेड गेला. महागडे दिवे आणि स्वस्त तार, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, दिव्याजवळ नको, कारण तो दिव्याला वाचवत नाही, तारेला वाचवतो. फ्यूजचे रंगही जगभर ठरलेले: तपकिरी साडेसात अँपिअरचा, लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्यामागून गाडी चालवू नये.

दिव्यांची खरी गरज कळते ती उसाच्या हंगामात. रात्री कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेला ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर असला तर असला. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही आहे हे कळून ब्रेकवर बोट जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५. एकूण सत्तरच्या जवळ. डिपरचा उजेड बऱ्याच गाड्यांचा पन्नास-साठ मीटरवर संपतो. म्हणजे ट्रॅक्टर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि एबीएस तिथं काही करू शकत नाही. फॉग लाइट हे अंतर थोडं वाढवतात, पण समोरच्याच्या डोळ्यांत गेले तर त्याला आंधळा करून तुमच्याच अंगावर आणतात. म्हणून ते खाली बसवावेत, तोंड किंचित जमिनीकडे, आणि समोरून गाडी आली की बंद. पिवळा उजेड धुकं भेदतो हा समज पक्का रुजलेला आहे. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते पिवळ्या-पांढऱ्यात फारसा भेदभाव करत नाहीत. पिवळ्याचा फायदा आहे तो आपल्या डोळ्यांना, चकाकी कमी वाटते. फ्रान्सनं तर १९३६ पासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे केले होते.

आता हँडलवरच्या मोबाइलकडे. येडशीच्या बाजूला रामलिंगच्या जंगलात नेटवर्क गेलं की पुष्कळजण म्हणतात, जीपीएस गेलं. जीपीएस कुठंही जात नाही. गेलेला असतो तो नकाशा, जो इंटरनेटवरून येत होता. तो आधीच उतरवून ठेवला तर मोबाइल टॉवर नसतानाही निळा ठिपका बरोबर सरकत राहतो. कारण त्याचा सांगावा टॉवरवरून येत नाही, २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरून येतो. हे उपग्रह आपल्या हॅलोजन हेडलाइटच्या पंचावन्न वॅटहूनही साधारण कमीच ताकदीनं बोलत असतात. तो आवाज इथवर पोचेपर्यंत इतका विरतो की मोबाइलच्या अँटेनाला मिळतो एका वॅटचा दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं देऊन सोळाव्या जागी एक लिहावा, साधारण तेवढा. तरी मोबाइल तो ओळखतो, चार उपग्रहांचे आवाज घेऊन कोणता किती उशिरा आला हे मोजतो आणि आपण डिव्हायडरच्या कोणत्या अंगाला आहोत ते बहुतेक वेळा बरोबर सांगतो. हा उशीर सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागाचा असतो.

यात आईनस्टाईन कसा आला ते पाहा. उपग्रह सेकंदाला जवळपास चार किलोमीटर धावतो, म्हणून सापेक्षतेच्या नियमानं त्याचं घड्याळ दिवसाला सात मायक्रोसेकंद मागे पडतं. आणि तो पृथ्वीच्या ओढीपासून लांब आहे, म्हणून ते पंचेचाळीस पुढं जातं. मेळ घातला तर दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद पुढं. प्रकाश तेवढ्यात अकरा किलोमीटर जातो. ही दुरुस्ती केली नसती तर आज येरमाळ्यात असलेला ठिपका उद्या भलत्याच गावच्या शिवारात दिसला असता. शंभर वर्षांपूर्वी जे गणित समजणारी माणसं जगात मोजकी होती, ते आता हँडलवर मोजलं जातं आणि वर एक आवाज सांगतो, पुढच्या चौकातून डावीकडे वळा. इस्रोची नाविक प्रणालीही याच तत्त्वावर चालते. तिचे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, आपल्या भागावर नजर ठेवून आहेत.

याच मोबाइलची एक नाजूक जागा हँडलवर दुखावते. चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात भिंग घट्ट बसवलेलं नसतं. चुंबकांच्या आधारानं ते तरंगत असतं, आणि हात हलला की उलट दिशेनं सरकून फोटो स्थिर ठेवतं. हात हलला हे त्याला सांगतो सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा, जो सतत कंप पावत असतो आणि फोन वळला की किंचित वाकतो. हे वाकणं इतकं कमी की अणूंच्या मापानं बोलावं लागतं. आता हे यंत्र इंजिनाच्या थरथरीवर तासन् तास बांधून ठेवा. ॲपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीरच केलं की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावल्यानं कॅमेरा बिघडू शकतो. उपाय साधा आहे. रबराचा डँपर असलेला होल्डर घ्या, नाहीतर नकाशासाठी जुना फोन वापरा. गंमत अशी की हाच सिलिकॉनचा तुकडा, गाडीसाठी मजबूत बांधलेला, आता ब्रेकही सांभाळतो. चाकणलाच तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये आली ती वळणावर चालणारं एबीएस घेऊन. गाडी किती झुकली आहे हे हा सेन्सर सांगतो, आणि झुकलेल्या गाडीला किती ब्रेक सोसेल ते कॉम्प्युटर ठरवतो.

हेल्मेटवरच्या इंटरकॉमचं घराणं तर सिनेमातलं आहे. ब्लूटूथ एका जागी टिकून बोलत नाही. ७९ वाटांमध्ये सेकंदाला १,६०० उड्या मारत बोलतो, म्हणून शेजारच्याच्या बोलण्यात आपलं बोलणं मिसळत नाही. वाटा बदलत बोलायच्या या कल्पनेचं एक गाजलेलं पेटंट हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांना १९४२ साली मिळालं. शत्रूला पाणतीराचा रेडिओ अडवता येऊ नये म्हणून केलेली ती योजना होती, आणि तिच्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८ वाटा होत्या. इंटरकॉमला वीज लागते ती वॅटच्या अंशात, तीही स्वतःच्या बॅटरीतून. स्टेटरवर त्याचा भार शून्य. कानावर मात्र आहे. ताशी शंभरच्या वर हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज नव्वद-शंभर डेसिबलच्या घरात जातो. शंभर डेसिबल कानांनी पाव तासापेक्षा जास्त सोसू नयेत, असं कामगारांसाठीचा एक प्रचलित नियम सांगतो. त्यावर गाणी लावायची म्हणजे आणखी मोठ्यानं. दिवसभराच्या प्रवासानंतर रात्री कानांत शिट्टी वाजते ती यामुळं. मेडिकलमधले फोमचे बोळे दहा-वीस रुपयांत मिळतात.

आता या हिशोबातलं सगळ्यात मोठं यंत्र, जे कुठल्याच दुकानात मिळत नाही. चैत्र-वैशाखात मराठवाड्यात पारा ४० च्या वर असतो. फोन कंपनी सांगते की आमचा फोन ३५ अंशांपर्यंतच वापरा, म्हणजे इथल्या दुपारी तो आधीच हद्दीबाहेर, वर काळा होल्डर, वर चार्जिंग. पडदा अंधारतो, मग फोन बंदच होतो. पण चालवणाऱ्याचं काय? त्याची त्वचा ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४२ अंशांची झाली की तोच वारा उष्णता आणून ओततो, आणि गाडी जितकी जोरात तितकी जास्त ओततो. उघड्या बाह्यांनी गार वाटेल हा हिशोब तिथं उलटतो. तेव्हा शरीराकडे उरतो एकच उपाय, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासात तो लिटरभर वाळला तर हे काम ६७० वॅटचं होतं. गाडीचा अख्खा स्टेटर २३० वॅट देतो. म्हणजे माणसाच्या अंगातला हा कूलर तिप्पट ताकदीचा आहे, फक्त त्याला पाणी आणि मीठ कुणीतरी घालायला हवं.

म्हणून उन्हाळ्यात जाळीचं जॅकेट घालावंच, आणि आत सुती बनियन ओलं करून घालावं. जॅकेट गरम वाऱ्याचा जोर तोडतं, आतलं पाणी सावकाश वाळतं, अंगातला घाम कमी खर्च होतो. डोक्यावर ओला टॉवेल गुंडाळून सायकलवर, टीव्हीएसवर दुपारी फिरणारे आपले शेतकरी हेच करतात. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला नळी असते, ती तोंडाशी येते, थांबावं लागत नाही. ही पिशवी गॅजेटांच्या यादीत सगळ्यात खाली असते, मी तिला वरती घेईन. पाण्यात ओआरएस टाका, नुसतं पाणी पिऊन मीठ परत येत नाही. दुपारी बारा ते चार कुठल्यातरी आमराईत आडवं व्हावं, हे तर सांगायलाच नको.

याच उन्हात टायरही बोलतात. सकाळी २५ अंशांवर ३० चा दाब भरला आणि दुपारी आतली हवा ६० अंशांवर गेली की तोच दाब ३५ होतो, हवा कुणीही न भरता. व्हॉल्व्हवरचे सेन्सर असे आकडे दाखवायला लागले की घाबरून हवा सोडू नका. थंड झाल्यावर टायर बसेल. उलट पळत्या गाडीवर दाब हळूहळू घसरत असेल तर खिळा लागलाय. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किटमधली रबराची वात पाच मिनिटांत काम भागवते. सेन्सरनं वेळेवर सांगितलं तर ती पाच मिनिटं सावलीत घालवता येतात.

सामान बांधण्याबद्दल फार लिहीत नाही. जड वस्तू खाली आणि पुढं, हलक्या वर आणि मागे. ताणाच्या बंजीवर सगळी भिस्त ठेवू नका, पट्टे वापरा. पावसाची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. उपकरणावर आयपी६७ लिहिलेलं असतं म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी चालेल. हे साचलेल्या पाण्याबद्दल आहे. सर्व्हिसिंगच्या पाइपातून जोरात सुटलेल्या धारेबद्दल ते काहीच सांगत नाही. श्रावणातल्या सरीत टिकलेला फॉग लाइट वॉशिंगवर मरतो तो यामुळे.

शेवटी ती वस्तू, जिला वीज लागत नाही. मे १९३५ मध्ये इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे लॉरेन्स ऑफ अरेबिया, मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यचिकित्सक होता. त्याच्या मनातून ते गेलं नाही. त्यानं लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि ब्रिटिश लष्करात शिरस्त्राण सक्तीचं झालं. हेल्मेटच्या आतला पांढरा फोम टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, पण घट्ट. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते. डोकं सेकंदाला सहा मीटर वेगानं रस्त्यावर आदळलं, साधारण माणसाच्या उंचीवरून पडल्यावर जो वेग येतो तो, आणि नुसती कातडी-हाडं मध्ये असतील तर डोकं तीनेक मिलिमीटरमध्ये थांबतं, धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सहाशे पट. फोम दबत दबत तीन सेंटिमीटर देतो, धक्का साठ पटीवर येतो. मरण आणि डोकेदुखी यांच्यातलं अंतर असं बोटाच्या रुंदीनं मोजता येतं. जून २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकता येत नाही. रस्त्याकडेला ढिगानं मांडलेल्या हेल्मेटांचे शिक्के मात्र नीट पाहून घ्या.

तेव्हा लांबच्या प्रवासाची तयारी करताना पैसा आधी हेल्मेट आणि टायरवर घाला, मग जाड तार, फ्यूज आणि व्होल्टमीटरवर, आणि उरला तर बाकीच्या झगमगाटावर. आणि हेल्मेट एकदा जोरात आपटलं असेल तर बाहेरून कितीही चकचकीत दिसो, बदला. तो फोम एकदाच दबतो.